उमेदवाराचा उसना पूर्वग्रह



निवडणुकीत आपला उमेदवार पडला की कार्यकर्त्याला दुःख होते, आणि त्या दुःखाची त्याला सवयही असते. परंतु उमेदवार निवडून यावा आणि त्याच मतमोजणीत कार्यकर्त्याचा स्वतःचा प्रश्न पराभूत व्हावा, ही अवस्था विरळा. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हजारो स्त्रीपुरुषांच्या वाट्याला ती आली. त्या दिवशी त्यांच्या हातात जी मतपत्रिका पडली, तिच्यावर अध्यक्षपदासाठी बराक ओबामांचे नाव होते आणि त्याच मतपत्रिकेवर राज्यघटनेच्या दुरुस्तीचा एक प्रस्ताव होता. विवाह केवळ पुरुष आणि स्त्री यांच्यामध्येच वैध ठरेल, असे एक वाक्य राज्याच्या घटनेत घालावे, हा तो प्रस्ताव. 'प्रपोझिशन ८' या नावाने तो ओळखला जातो. ओबामांना त्या राज्यात शेकडा ६१ मते मिळाली. घटनादुरुस्तीही शेकडा ५२ हून अधिक मतांनी संमत झाली. या दोन आकड्यांची बेरीज शंभराच्या पुष्कळच वर जाते. ज्या लाखो मतदारांनी एका कृष्णवर्णीय माणसाला अध्यक्ष केले, त्यांनीच त्याच लेखणीने शेजारच्या जोडप्याचा विवाहाचा हक्क काढून घेतला, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

हा हक्क त्या जोडप्यांना मिळून सहा महिनेही झाले नव्हते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २००८ रोजी तो मान्य केला होता. जूनच्या मध्यापासून मतदानाच्या दिवसापर्यंत सुमारे १८ हजार जोडप्यांनी विवाह नोंदवले. त्यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षे एकत्र संसार केलेले वृद्ध होते. निकालानंतर आपला विवाह टिकला की बुडाला, हेच त्यांना कळेना. तो टिकला, हे न्यायालयाने २००९ च्या मे महिन्यात सांगितले.

ओबामा या दुरुस्तीच्या बाजूचे नव्हते, हे प्रथम नमूद केले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या समलिंगी कार्यकर्त्यांच्या एका मंडळाला जून २००८ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुरुस्तीला विरोध नोंदवला होता. संबंध देशाच्या घटनेत अशी बंदी घालण्याच्या सूचनेलाही त्यांचा विरोध होता. पण १६ ऑगस्टला कॅलिफोर्नियातच सॅडलबॅक चर्चच्या व्यासपीठावर पाद्री रिक वॉरेन यांनी विवाहाची व्याख्या विचारली, तेव्हा विवाह म्हणजे पुरुष आणि स्त्री यांचे मीलन, आणि ख्रिस्ती म्हणून आपल्या लेखी ते पवित्र बंधन आहे, असे उत्तर त्यांनी दिले. सभागृहात टाळ्या झाल्या. संबंध देश ते दूरचित्रवाणीवर पाहत होता.

पत्र एका मंडळापुरते राहिले. उत्तर मात्र घरोघर गेले, आणि ते पोचवण्याचे काम दुरुस्तीच्या पुरस्कर्त्यांनीच केले. त्यांनी टपालाने पाठवलेल्या पत्रकांवर ओबामांचे छायाचित्र आणि विवाहाविषयीचे त्यांचे उद्गार छापले. मतदारांच्या घरचे दूरध्वनी वाजू लागले आणि त्यांतून खुद्द ओबामांचा आवाज ऐकू येऊ लागला. दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलर्सहून अधिक पैसा ज्या लढाईत ओतला, तिच्यात प्रतिपक्षाला सर्वांत परिणामकारक शस्त्र फुकट मिळाले होते. आपल्या उमेदवाराच्या विरोधात प्रचार करण्याचा प्रसंग कार्यकर्त्यावर येतो, तो क्वचित. पण आपल्याच उमेदवाराच्या आवाजाविरुद्ध, त्याच्याच नावाचा बिल्ला छातीवर लावून, दारोदार हिंडण्याचा प्रसंग त्याहून क्वचित येत असेल.

निराशेचे कारण केवळ मतभेदाचे असते तर त्यावर एवढे बोलण्याचे प्रयोजन नव्हते. एखाद्या माणसाची धर्मश्रद्धा त्याला अमुक मान्य करू देत नाही, तर त्याच्याशी वाद घालता येतो, प्रसंगी त्याच्या प्रामाणिकपणाचा आदरही करता येतो. ओबामांच्या बाबतीत घडले ते वेगळे. १९९६ साली इलिनॉय राज्याच्या सिनेटसाठी ते प्रथम उभे राहिले, तेव्हा शिकागोतील समलिंगी समाजाच्या एका वृत्तपत्राने उमेदवारांना प्रश्नावली पाठवली होती. तिच्या उत्तरात ओबामांनी स्वतःच्या सहीनिशी कळवले, की समलिंगी विवाह कायदेशीर करण्याच्या बाजूने आपण आहोत आणि त्यांवर बंदी घालण्याच्या प्रयत्नांशी आपण लढू. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच प्रश्नाला उत्तर आले : अजून निश्चय झालेला नाही. २००४ मध्ये देशाच्या सिनेटची निवडणूक आली तोवर त्यांचे मत विरोधाचे झाले होते, आणि त्याला धर्माचा आधार मिळाला होता. मतदारसंघ जसजसा मोठा होत गेला तसतसे मत आकसत गेले. १९९६ चे ते उत्तर पुन्हा उजेडात आले २००९ च्या जानेवारीत, म्हणजे निवडणूक आटोपल्यावर.

त्यांच्या एका समर्थक स्त्रीने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. 'द ऑडॅसिटी ऑफ होप' या २००६ च्या पुस्तकात खुद्द ओबामांनीच तिची हकीकत सांगितली आहे. छोटा व्यवसाय चालवणारी, आई असलेली, दहा वर्षे आपल्या सहचारिणीबरोबर राहणारी ही बाई. आकाशवाणीवरील एका मुलाखतीत ओबामांनी विवाहाच्या प्रश्नावर धर्मपरंपरेचा हवाला दिला, आणि तिने दूरध्वनीवर निरोप ठेवला, की आपण आणि आपल्यासारखी माणसे कुठेतरी वाईट आहोत असा त्याचा अर्थ होतो आणि तो मनाला लागला. ओबामांना वाईट वाटले. त्यांनी तिला परत दूरध्वनी केला. पुढे त्यांनी असेही लिहिले, की कदाचित आपलेच चुकत असेल आणि पुढच्या काळात आपण चूक ठरू. हे लिहिणे दिलदारपणाचे आहे, असे अनेकांना त्या वेळी वाटले. वस्तुतः तो कबुलीजबाब होता. ज्याला आपण चूक ठरणार याची जवळजवळ खात्री आहे, तो तोपर्यंतचा काळ काय म्हणून मागत असतो? आणि त्या काळाचे व्याज कोणी भरायचे?

यावर व्यवहारवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात १७ मे २००४ पासून समलिंगी विवाह होऊ लागले; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ११ राज्यांत बंदीचे प्रस्ताव मतदानाला आले आणि अकराही ठिकाणी संमत झाले. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी पडले. हा घाव ताजा होता. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९९६ साली समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे शेकडा २७ होते, २००८ साली ४० होते. शंभरांतल्या ४० जणांच्या मतावर कोणी निवडून येत नाही, हे गणित चूक म्हणता येणार नाही. इराकचे युद्ध थांबवायचे, आजारी माणसाला विम्याचे संरक्षण द्यायचे, त्यासाठी सत्ता हवी. सत्तेसाठी ओहायो हवे. ओहायोसाठी चर्चला जाणारा मतदार हवा. अशी ही साखळी होती. २००८ च्या प्राथमिक फेरीत समलिंगी विवाहाला उघड पाठिंबा देणारे डेनिस कुसिनिच आणि माइक ग्रॅव्हेल कोठवर पोचले, हेही सर्वांनी पाहिले होते.

परंतु या युक्तिवादात एक जागा गाळलेली असते. प्रश्न आज लावून धरता येत नाही, एवढे म्हणणे ही माघार झाली; प्रत्येक चळवळीला ती कधी ना कधी घ्यावी लागते. बहुसंख्याकांचा पूर्वग्रह उसना घेऊन तो आपल्या श्रद्धेच्या नावाने परत त्यांनाच ऐकवणे, ही माघार नव्हे. त्याने तो पूर्वग्रह होता त्याहून बळकट होतो. ज्याच्या शब्दावर तरुण पिढीचा विश्वास, ज्याच्या जन्मातच वर्णभेदाचा पराभव, अशा माणसाच्या तोंडून तो आला की त्याला नवी प्रतिष्ठा मिळते. जनमत अजून तयार नाही असे सांगणारा नेता ते जनमत आपल्याच वाक्यांनी घडवत असतो, ही गोष्ट पाहणीच्या आकड्यांत कधी दिसत नाही.

विवाहाऐवजी 'सिव्हिल युनियन', म्हणजे सहजीवनाची नागरी नोंदणी, देण्यास ओबामा तयार होते. हक्क सारे द्यावेत, नाव तेवढे देऊ नये, असा हा तोडगा. पंगतीला आमंत्रण द्यायचे आणि पान ओसरीवर मांडायचे, हा प्रकार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वाढलेले पदार्थ तेच होते, हा त्यावरचा युक्तिवादही त्याने ऐकलेला आहे. शिवाय पदार्थही तेच नव्हते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांत जेथे विवाहावर काही लाभ वा अधिकार अवलंबून आहेत अशा १,१३८ तरतुदी तेथील सरकारी लेखातपासणी कार्यालयाने २००४ साली मोजल्या होत्या. निवृत्तिवेतन, वारसा, कर, परदेशी जोडीदाराला देशात राहण्याचा परवाना, सारे त्यांत आले. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने हे सर्व दरवाजे समलिंगी जोडप्यांना बंद केले होते. राज्याने दिलेल्या कोणत्याही कागदाने ते उघडत नव्हते. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांनी चाळीसहून अधिक वर्षांच्या सहवासानंतर २००७ मध्ये टोरोंटोला जाऊन थिआ स्पायर यांच्याशी विवाह केला. २००९ मध्ये थिआ वारल्या. पती वारला असता तर एक पैसा कर पडला नसता. येथे ३,६३,०५३ डॉलर्सची मागणी झाली. विवाह हा भावनेचा आणि उपासनेचा प्रश्न आहे, पोटापाण्याच्या प्रश्नांपुढे तो गौण, असे म्हणणाऱ्या डाव्या मंडळींनी हा आकडा जरूर पाहावा. अर्थात ज्यांच्याजवळ मृत्यूनंतर कर भरावा एवढी इस्टेट नाही, त्यांचे नुकसान कोणत्या आकड्यात मोजायचे? जोडीदाराच्या नोकरीतून मिळणारा दवाखान्याचा विमा नाही, एवढ्यावरच ते सुरू होते.

ओबामांना या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक होती, आणि ती कोणत्याही पुस्तकातून नव्हे. त्यांची आई श्वेतवर्णीय, वडील केनियाचे. त्या दोघांनी १९६१ मध्ये हवाईत विवाह केला. देशातील अनेक राज्यांत त्या वेळी असा विवाह गुन्हा होता, आणि जून १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले तोवर १६ राज्यांत तो गुन्हाच राहिला. त्यानंतरच्या वर्षी, १९६८ साली, गॅलपच्या पाहणीत आंतरवर्णीय विवाहाला मान्यता देणारे शेकडा २० निघाले. न्यायालयाने जनमताची वाट पाहिली असती तर ती फार दीर्घ ठरली असती. ऑगस्ट २००७ मध्ये लॉस एंजलिसला समलिंगी संघटनांनी उमेदवारांची जाहीर मुलाखत घेतली तेव्हा ओबामांना हेच विचारण्यात आले. त्यांचे उत्तर असे, की १९६१ साली नागरी हक्कांच्या चळवळीला सल्ला द्यायचा असता तर विवाहबंदीच्या कायद्याशी लढण्यापेक्षा मताधिकाराचा आणि नोकऱ्यांतील भेदभावाचा प्रश्न आधी घ्या, असे आपण सांगितले असते. डावपेच म्हणून हा सल्ला चूक नसेलही. परंतु १९६१ च्या कोणत्याही कृष्णवर्णीय नेत्याने, मिश्र विवाह आपल्या धर्माला मान्य नाहीत, असे त्या डावपेचासाठी जाहीर केले नव्हते. तो फरक त्या उत्तरात राहून गेला.

त्याच चळवळीतील एका माणसाची येथे आठवण होते. बायर्ड रस्टिन हे समाजवादी. १९४८ साली भारतात येऊन गांधीजींच्या अनुयायांकडून अहिंसक प्रतिकाराचे तंत्र समजून घेतलेले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख माणसे जमली, मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते प्रसिद्ध भाषण झाले, त्या मोर्चाची सारी बांधणी रस्टिन यांची. ते समलिंगी होते आणि त्यांनी ते लपवले नव्हते. त्यापायी १९६० मध्ये काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सभासद अॅडम क्लेटन पॉवेल यांनी बदनामीची धमकी दिली आणि रस्टिन यांना किंग यांच्या कामातून दूर व्हावे लागले. किंग त्या वेळी गप्प राहिले. तीन वर्षांनी मोर्चाच्या तोंडावर सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सभागृहात रस्टिन यांच्यावर चिखलफेक केली, तेव्हा मात्र वयोवृद्ध कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ खंबीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, किंगही राहिले, आणि मोर्चा बुडाला नाही. रस्टिन यांच्या अखेरच्या दशकातील जोडीदार वॉल्टर नेगल. आपल्यामागे त्याला घर आणि वारसा मिळावा म्हणून रस्टिन यांनी काय करावे? १९८२ मध्ये त्यांनी तिशी उलटलेल्या या माणसाला कायद्याने दत्तक घेतले. नेगल यांच्या आईला मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. दत्तक मूल नीट राहील ना, हे पाहायला सरकारी माणूस घरी येऊन गेला. ज्याने एका राष्ट्राला नागरी हक्क शिकवले त्याला स्वतःचा संसार कायद्यात बसवण्यासाठी जोडीदाराला मुलगा म्हणवून घ्यावे लागले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ओबामांनी रस्टिन यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला आणि तो वॉल्टर नेगल यांनी स्वीकारला. ही गोष्ट ओबामांच्या श्रेयाची आहे. पण २००८ साली सॅडलबॅकच्या व्यासपीठावर रस्टिन यांचे नाव कोणाला आठवले नाही.

निवडणुकीनंतर कार्यकर्त्यांचा रागही काही काळ भलतीकडे गेला. मतदानोत्तर पाहणीने शेकडा ७० कृष्णवर्णीयांनी दुरुस्तीला मत दिल्याचे सांगितले आणि श्वेतवर्णीय समलिंगी मंडळींपैकी काहींनी सारे खापर त्यांच्यावर फोडले. पुढच्या बारकाईच्या अभ्यासात तो आकडा ५८ च्या आसपास निघाला, आणि माणूस नियमित चर्चला जातो की नाही, याचा प्रभाव वर्णापेक्षा मोठा ठरला. शिवाय त्या वस्त्यांतून प्रचाराला कोण गेले होते? प्रतिपक्ष ओबामांचा आवाज घेऊन गेला होता.

शपथविधीच्या प्रार्थनेसाठी ओबामांनी पुन्हा त्याच रिक वॉरेन यांना बोलावले, जे दुरुस्तीच्या बाजूने उघड उभे राहिले होते. जून २००९ मध्ये त्यांच्या न्याय खात्याने विवाहबंदीच्या केंद्रीय कायद्याचे न्यायालयात समर्थन केले. नोव्हेंबरात मेन राज्याच्या मतदारांनी विधिमंडळाने दिलेला विवाहाचा हक्क रद्द केला. ओबामा तिकडे फिरकले नाहीत. येथून पुढे मात्र चळवळीतील एका भागाने जी वाट धरली ती पक्षकार्यकर्त्यांनी पाहण्यासारखी आहे. मत देणे आणि मौन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले. ऑक्टोबर २००९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोर्चा निघाला. मार्च २०१० मध्ये लष्करातून काढले जाणारे सैनिक गणवेशात येऊन अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या कुंपणाला बेड्यांनी स्वतःला बांधून घेऊ लागले. पक्षाच्या निधीसंकलनाच्या सभांतून अध्यक्षांना मध्येच अडवून जाब विचारला गेला. त्यांना उतावळे म्हणण्यात आले, प्रतिपक्षाचे हस्तक म्हणण्यात आले; आपल्या सरकारला जाब विचारणाऱ्याला कोणत्या पक्षात हे ऐकावे लागत नाही? पण डिसेंबर २०१० मध्ये सैन्यातील बंदी उठवणारा कायदा झाला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये विवाहबंदीच्या कायद्याचे समर्थन सरकारने सोडले.

या काळात ओबामा आपले मत 'उत्क्रांत' होत असल्याचे सांगत होते. उत्क्रांतीचे शास्त्र मात्र अशा प्रवासाला आधार देईलसे वाटत नाही. अनुकूल, अनिश्चित, प्रतिकूल आणि पुन्हा अनुकूल, अशी फेरी कोणत्या प्राण्याने १६ वर्षांत पूर्ण केल्याची नोंद नाही. ६ मे २०१२ रोजी उपाध्यक्ष जो बायडेन दूरचित्रवाणीवर मोकळेपणाने बोलून गेले. ८ मे रोजी नॉर्थ कॅरोलायनाने शेकडा ६१ मतांनी आपल्या घटनेत बंदी घातली. ९ मे रोजी ओबामांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला. आपल्या मुलींच्या मैत्रिणींचे आईबाप, आपल्या कचेरीतील सहकारी, सैनिक यांचे दाखले त्यांनी दिले, आणि दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे तसे आपण दुसऱ्याशी वागावे, या ख्रिस्ताच्या शिकवणीचाही. चार वर्षांपूर्वी जो धर्म आडवा आला होता तोच आता वाट दाखवत होता. दहा दिवसांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या सर्वांत जुन्या संघटनेने, 'एनएएसीपी'ने, पाठिंब्याचा ठराव केला. नोव्हेंबरात ओबामा पुन्हा निवडून आले. आणि मेन, मेरीलँड व वॉशिंग्टन या तीन राज्यांच्या मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. मतपेटीतून असा कौल अमेरिकेत प्रथमच मिळत होता. २०१२ चे जनमत २००८ च्या जनमताहून पुढे होते, हे खरे. पण नेत्याच्या एका वाक्याने माणसे हलतात, हेही त्यातून दिसले, आणि तेच वाक्य २००८ मध्ये उलट दिशेने हलवत होते.

ओबामांचे निकटचे सल्लागार डेव्हिड अॅक्सेलरॉड यांनी २०१५ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. ओबामांचा कल पूर्वीपासूनच अनुकूल होता, परंतु कृष्णवर्णीय चर्चमधील विरोध लक्षात घेऊन त्यांनी नाखुषीने सल्ला मानला, आणि मनाविरुद्ध बोलणे आपल्याला जमत नाही असे ते म्हणत, असे त्यांत आहे. ओबामांनी हे सर्वस्वी मान्य केले नाही. नागरी नोंदणी पुरेशी आहे असे आपल्याला त्या वेळी खरोखरच वाटत होते, असे त्यांनी सांगितले. दोहोंतले कोणते खरे मानावे, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांचा आहे. २००८ साली दारोदार हिंडणाऱ्या माणसांना त्याने फरक पडत नाही. पहिले खरे असेल तर त्यांच्या उमेदवाराने त्यांची किंमत देऊन मते विकत घेतली, आणि दुसरे खरे असेल तर १९९६ च्या कागदावरची सही कोणाची?

२६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडिथ विंडसर यांच्या बाजूने निर्णय दिला आणि दोन दिवसांनी कॅलिफोर्नियातील विवाह पुन्हा सुरू झाले. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ रोजी, तो हक्क सर्व राज्यांत लागू झाला. २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेताना एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात हाही निर्णय पुन्हा तपासावा असे लिहिले, तेव्हा घाबरलेल्या काँग्रेसने डिसेंबरात समलिंगी आणि आंतरवर्णीय अशा दोन्ही विवाहांना एकाच कायद्याने संरक्षण दिले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या घटनेत घातलेले ते वाक्य मात्र निष्प्राण होऊनही जागच्या जागी होते. ते काढून टाकण्यासाठी राज्याच्या मतदारांना नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा मतदान करावे लागले. शेकडा ६२ हून अधिक मतांनी ते वगळण्यात आले.